रिलीफवरचा माणूस

"लक्ष्मण गेला की काय रे?"

बसच्या पायरीवर लक्ष्मण कंडक्टरच्या जागी कृष्णदेवला पाहून मॉरिशसमधल्या शमें ग्रेनिए गावच्या भाजीवाल्या कामिनीनं पहिला प्रश्न हा विचारला. 'की मानिएर', म्हणजे तिथल्या क्रिओल बोलीत 'कसा आहेस', हे त्यानंतर आलं.

"न्हाय गे. साखर वाढली त्याची. घरी हाय."

"आयो! मंग बरं. कोन तरी आजारी पडल्याबिगर तुजं तोंड दिसत न्हाय."

"तिकीट घेतेस, का मी माघारी जाऊ?"

"घेते की. माज्या घरचं कोन आजारी न्हाय."

मागच्या बाकांवर लोक हसले. कृष्णदेवही हसला. गावात रिकामी रुग्णवाहिका फिरताना दिसली तर लोक जसे आधी आपापली माणसं मोजून घेतात, तसंच त्याच्याकडे बघून घेतात, हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

तो रिलीफ कंडक्टर होता. कंपनीच्या कागदावर त्याचा हुद्दा तसाच इंग्रजीत टाइप केलेला होता. अर्थ असा, की त्याला स्वतःची गाडी नाही, स्वतःचा मार्ग नाही. ज्या कंडक्टरला ताप आला, ज्याच्या मुलीचं लग्न ठरलं किंवा ज्यानं आदल्या संध्याकाळी रम जरा मनापासून घेतली, त्याची चामड्याची थैली गळ्यात अडकवायची आणि दिवसभर त्याच्या जागी उभं राहायचं. टोपी तेवढी स्वतःची.

इंग्रजी ही काटकसरी भाषा आहे. आपण चार माणसं नेमू तिथे ती एकच शब्द राबवते. 'रिलीफ' हा असाच एक राबणारा शब्द, आणि कृष्णदेवच्या घरी तो त्याच्या जन्माआधीपासून कामाला होता. उसाची तोड नसली की मजुरांच्या हाताला काम नसे. मग सरकारनं त्यांच्यासाठी 'रिलीफ' काढलं. माणसांनी विळा घेऊन रस्त्याच्या कडेला बसायचं आणि गवत कापायचं. गवत त्यांच्यापेक्षा वेगानं काम करी, त्यामुळे हे काम कधी संपलं नाही. दुसऱ्या पोरांचे बाप पोलिसात असत, कारखान्यात असत. कृष्णदेवचा बाप रिलीफमध्ये होता.

शाळेत मास्तरांनी एकदा भिंतीवर प्लास्टरचा नकाशा टांगला. डोंगर उठावाचे, नद्या खोलगट. "हे मॉरिशसचं रिलीफ," मास्तर म्हणाले. कृष्णदेवनं नुव्हेल फ्रांस या आपल्या गावच्या रस्त्याच्या कडेला बोट फिरवून बाप शोधायला सुरुवात केली, तेव्हा मास्तरांनी त्याच बोटावर छडी मारली. पंच्याहत्तरच्या वादळात घराचं छप्पर कुणाच्या तरी उसात जाऊन पडलं. त्यानंतर आलेल्या रिलीफमध्ये तांदूळ होते, डब्यातले मासे होते आणि एक घोंगडी होती. ती पाठवणाऱ्या देशातली माणसं फार उंच असावीत. बापानं ती दुहेरी करून शेवटपर्यंत पांघरली. बायको रीता गुडघ्याला जे मलम चोळायची, त्याच्या डबीवरही हाच शब्द होता. तो वाचून गुडघा दुखायचा थांबत नसे.

असा हा शब्द. बापाकडून कृष्णदेवला वारसा म्हणून मिळण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

फक्त एक गोष्ट त्याला हवी होती. पर्मनंट व्हायचं होतं. स्वतःची गाडी, रोजचे तेच प्रवासी आणि त्यांनी 'कोण आजारी?' असं न विचारता चढणं. त्याच्या मागून आलेले दोघं कुणाकुणाच्या ओळखीनं पर्मनंट झाले होते. आता रिलीफवाल्यांत तो सगळ्यांत जुना होता, आणि त्याच्या खालोखाल हरिप्रसाद नावाचा, केस मागे वळवणारा एक तरुण होता.

कंपनीत एक रीत होती, कुठे न लिहिलेली. रिलीफच्या माणसानं काम संपलं की ज्याच्या जागी उभा राहिला त्याच्या घरी जायचं, थैली परत द्यायची आणि दिवसाची हकिकत सांगायची. त्या वर्षी लक्ष्मण इतका वारंवार आजारी पडला, की कृष्णदेवचा चहाचा कपही त्याच्या घरी ठरून गेला.

"कोन कोन विचारीत व्हतं?" लक्ष्मण खाटेवरून विचारायचा. पाय सुजलेले, आवाज मात्र क्युरपिप शहराच्या बसस्टँडवर ओरडायचा तोच.

"समदे. कामिनी विचारती, तुमी मेलात का."

"तिला सांग, तिची उदारी फेडून मंगच मरतो." मग बायकोला हाक. "बसंती, या पोराला चा दे. माज्या जागेवर डोळा हाय त्याचा."

"तोंतों," काकाला क्रिओलमध्ये हाक मारतात तसं कृष्णदेव म्हणायचा, "असं बोलू नगा."

"खोटं बोलतो का मी? तू मला बरा हो म्हनतोस, तवा बी तुजी टोपी मला म्हनते, लवकर जा."

कृष्णदेव टोपी काढून मांडीवर ठेवायचा. यात खोटं काहीच नव्हतं, हेच अवघड होतं. लक्ष्मणही हे जाणून होता आणि त्याला त्यात मजा वाटायची. त्याचा एकुलता एक मुलगा चंद्रमोहन इंग्लंडात, लीड्सच्या इस्पितळात नर्स होता. तो दर नाताळला कार्ड पाठवायचा. रोज संध्याकाळी येऊन थट्टा करून घ्यायला लक्ष्मणला कृष्णदेवच एक उरला होता.

एका शुक्रवारी सकाळी लक्ष्मण इस्पितळात गेला. म्हणजे दोन्ही अर्थांनी गेला. तरुण डॉक्टर बाहेर आला आणि बसंतीला इंग्रजीत म्हणाला की फार सोसलं त्यांनी, आता हे एक प्रकारे रिलीफच. बसंतीला त्यातला एकच शब्द कळला. वादळानंतर तांदूळ घ्यायला ती याच शब्दाच्या रांगेत उभी राहिली होती. आता कुठे उभं राहायचं, हे विचारायला तिनं सोबत आलेल्या कृष्णदेवकडे पाहिलं.

"पोरगा कवा पोचंल?" कृष्णदेव तारघरातून परतल्यावर तिनं विचारलं.

"तार केली काकी. विमान रोज नसतंय. रविवार तरी व्हईल."

"तवर ठेवायचं कसं?"

लक्ष्मणच्या भावाची मुलं शेजारच्याच गल्लीत होती. पण कोबीच्या शेताच्या बांधावरून दोन्ही घरं इतकी वर्षं बोलत नव्हती, की आता प्रेत हे बोलण्याचं निमित्त होऊ शकत नव्हतं.

"मंग तू दे अग्नी," बसंती म्हणाली. "तवर तू त्याच्या जागी हाईस."

तो 'हो' म्हणाला. रिलीफच्या माणसाला दुसरा शब्द येत नाही. शिवाय त्याच्या डोक्यात हिशेब सरळ होता. शनिवारी अग्नी द्यायचा, रविवारी चंद्रमोहन आला की पुढचं त्याच्या हवाली करायचं. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं. माणूस परत आला की थैली त्याच्या हातात द्यायची आणि चहा पिऊन घरी जायचं.

दुपारी डेपोत टाइमकीपर गजेंद्र भेटला. त्यानं आधी टोपी काढली, मग शिस्तीत घातली आणि क्रिओलमध्ये म्हणाला, "वाईट झालं. चांगला माणूस होता. सोमवारपासून ती गाडी तुझी."

"पर्मनंट?"

"नाहीतर काय, भाड्यानं? पण एक ध्यानात ठेव. सोमवारी पहिल्या फेरीला तू पायरीवर दिसला पाहिजेस. नाही दिसलास तर हरिप्रसाद चढेल, आणि चढलेला माणूस मी उतरवत नाही. मालकांचा कायदा आहे."

कृष्णदेव घरी आला तेव्हा रीतानं बातमी आधीच ऐकली होती. रेडिओवरच्या मृत्यूच्या सूचना ती रोज ऐकायची. बेटावरचं कोण कुणाचं कोण लागतं, हे तिला त्यातूनच समजलं होतं.

"तोंतों लक्ष्मणचा लागला वाटतं नंबर," ती डोळे पुसत म्हणाली, आणि पुसता पुसताच, "मंग तुजं?"

"सोमवारपासनं."

रीतानं पदर खाली घेतला. तिला हसू आलं होतं आणि ते कुठे ठेवावं हे तिला कळेना.

शनिवारी पाऊस नव्हता, नुव्हेल फ्रांसचं नेहमीचं धुकं होतं. शेजारच्यांनी लाकडं आधीच झाकून ठेवली होती. क्रिया करायला तुलसीराम महाराज आले. ते आठवड्याचे पाच दिवस कोबी लावायचे आणि उरलेले दोन दिवस लग्नं लावायचे. त्यांनी कृष्णदेवच्या डोक्यावरचे केस उतरवून घेतले, पांढरं नेसवलं, खांद्यावर मडकं दिलं. तो फिरला. मडकं फुटलं. त्यानं अग्नी दिला. लाकडानं पेट घेतल्यावर लोक मागे सरकले. तो मात्र, कुठवर उभं राहायचं हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून, तिथेच उभा राहिला. शेवटी कुणीतरी हाताला धरून त्याला मागे ओढलं.

रविवारी दुपारी चंद्रमोहन प्लेझांसच्या विमानतळावरून टॅक्सीनं आला. अंगात जाड कोट, चेहरा बापाचा. आईच्या गळ्यात पडून तो रडला. मग पुढच्या खोलीत चटईवर बसलेल्या, डोकं तुळतुळीत केलेल्या अनोळखी माणसाकडे गेला आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. मराठी त्याला समजायची, पण तोंडात यायला वेळ लागायचा. तो इंग्रजीतच बोलला. इस्पितळात पाळी बदलताना बोलतात तसं. तुम्ही फार केलंत, आता मी तुम्हाला रिलीव्ह करतो.

कृष्णदेवला हे वाक्य ओळखीचं वाटलं. तो उठू लागला.

"बस खाली," दारातून तुलसीराम महाराज म्हणाले.

"महाराज, हा आला न्हवं आता. मुलगा हाय त्याचा."

"मुलगा हाय हे मी कुठं न्हाय म्हनतो? पन अग्नी कोनी दिला?"

"मी. पन मी त्याच्या जागी दिला."

"अग्नी कुनाच्या जागी देत न्हाईत. ज्यानं दिला त्यानं दिला. दहाव्या दिसापरेंत तोच बसनार, तोच पिंड देनार. मधी मानूस बदलत न्हाय." मग चंद्रमोहनकडे वळून जरा मऊ आवाजात, "तू बाजूला बस पोरा. नमस्कार कर. तुजं कोन काडून घेत न्हाय."

चंद्रमोहनचा चेहरा उतरला. सात समुद्र ओलांडून आलेल्या मुलाला बापाच्या चटईवर जागा नव्हती, आणि ज्याला जागा होती त्याला ती नको होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अदलाबदल करायला दोघंही तयार होते, म्हणूनच ती होणार नव्हती.

"महाराज," कृष्णदेव हळूच म्हणाला, "उद्या माजी पर्मनंटची गाडी हाय."

"अग्नी देताना इचारायचं व्हतंस."

"घर सोडून जाता येत न्हाय का? डोक्याला टोपी घालीन."

"जा की. मी काय पोलीस हाय? पन सुतकाच्या हातचं तिकीट कोन घेतंय ते बग. आनि हितं लक्ष्मण अर्ध्या वाटंवर ऱ्हाईल, येवडंच." एवढं बोलून महाराज कोबीकडे निघून गेले.

संध्याकाळी रीता आली. ओट्याखाली उभी राहिली, आत आली नाही.

"आरे, रविवारी तू मोकळा म्हनला व्हतास," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"महाराज न्हाय म्हनत्यात."

"महाराजाची कोबी हाय. तुजं काय हाय?" ती ओट्याला चिकटून उभी राहिली. "आसं कर. टोपी खाली वड. हितल्या लोकांनी तिकीट नगं म्हनलं तर क्युरपिपवाल्यांना दे. क्रिओल हायत, मुसलमान हायत, त्यांना कुटलं सुतक? संध्याकाळी परत येऊन बस."

"कामिनी चढंल ना पयल्या फेरीला."

"चढू दे."

"ती बगंल माजं डोकं."

"बगू दे! बारा वर्सं ती तुला बगून इचारते कोन मेलं. एकदा खरं सांग तिला!"

हे आतून बसंतीनं ऐकलं. ती बाहेर आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. "जा तू," ती कृष्णदेवला म्हणाली. "त्यांनी बी जाच म्हनलं असतं. लई थट्टा करायचे, पन पोरगा पर्मनंट व्हावा असं त्यांना वाटायचं. म्हाराजाला मी सांगते."

आता सगळ्यांची परवानगी होती. कृष्णदेवला असं कधी झालेलं आठवत नव्हतं. आजवर त्याला नेहमी पाठवलं गेलं होतं किंवा परत बोलावलं गेलं होतं. काय करायचं हे त्याच्यावर कुणी सोडलं नव्हतं. हा प्रकार त्याला फारसा आवडला नाही.

सोमवारी उजाडताच शमें ग्रेनिएहून येणारी गाडी वळणावर भोंगा देते. तो भोंगा आला. कृष्णदेव चटईवर बसला होता. पांढरं नेसलेलं, शेजारी लक्ष्मणच्या नावानं ठेवलेला दिवा. बसंती माजघरात जागी होती. चंद्रमोहन भिंतीला टेकून, कोटातच झोपला होता. गाडी दारापुढे आली, थांबली. कुणीतरी चढलं, कुणीतरी उतरलं. मग घंटी दोनदा वाजली, आणि इंजिनाचा आवाज क्युरपिपच्या चढाला लागला.

दिव्यात तेल कमी झालं होतं. कृष्णदेवनं ते घातलं.

त्या दिवशी संध्याकाळी ओट्याखाली हरिप्रसाद आला. गळ्यात लक्ष्मणची थैली होती. आत येता येत नव्हतं, जाताही येत नव्हतं.

"कृष्णदेव दादा," तो म्हणाला, "मुस्ये गजेंद्रसाहेबांनी मला चढवलं. मी म्हनलं, थांबूया. ते म्हनले, पा कापाव, जमनार न्हाय."

"मला ठावं हाय."

"मी... हकिकत सांगायला आलो. रीत हाय न्हवं."

कृष्णदेवनं दिव्याची वात सारखी केली. मग त्यानं विचारलं, "कोन कोन विचारीत व्हतं?"

"समदे. कामिनी म्हनली, कृष्णदेव आजारी हाय काय?"

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, न्हाय. कामात हाय."

कृष्णदेवनं मान हलवली. हरिप्रसाद थैलीशी चाळा करत आणखी थोडा उभा राहिला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. पर्मनंट माणसानं कुणाला हकिकत सांगायची नसते.

उरलेल्या दिवसांत चंद्रमोहन आणि कृष्णदेव पुष्कळ बोलले, म्हणजे चंद्रमोहननं विचारलं आणि कृष्णदेवनं सांगितलं. बाबा कुणाला ओरडायचे. कुणाला फुकट न्यायचे. पाय सुजल्यावर ड्रायव्हरच्या मागच्या बाकाला टेकून तिकिटं कशी फाडायचे. मुलाला हे काहीच माहीत नव्हतं. तो ऐकायचा आणि मधूनच क्रिओलमध्ये म्हणायचा, "तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखत होता." कृष्णदेव म्हणायचा, "मी निस्ता संध्याकाळचा ओळखीत व्हतो."

दहाव्याला सगळे नदीवर गेले. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवावा लागतो. मॉरिशसमध्ये कावळे आहेत ते राजधानी पोर लुईच्या बंदरापाशी, आणि ते वर दक्षिणेकडे कुणाच्या कामाला येत नाहीत. आजे-पणजे कोकणातून आले तेव्हा त्यांनी विधी आणले, पण कावळे आणायचे राहिले. तेव्हापासून इकडे कावळ्याचं काम साळुंकी करते. तिनं पिंडाला चोच लावली की मेलेला माणूस सुटला असं धरायचं. तिच्या बदलीवर आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

कृष्णदेवनं पिंड ठेवला आणि मागे सरून दगडावर बसला. साळुंक्या समोरच्या पेरूवर होत्या. एक खाली उतरली, पिंडाभोवती फिरली आणि उडून गेली.

"काय तरी राहिलंय त्याचं," तुलसीराम महाराज म्हणाले. "बोला त्याच्याशी."

चंद्रमोहन पुढे झाला. अडखळत अडखळत त्यानं मराठीत सांगितलं की आईला तो इंग्लंडला नेईल. साळुंकी आली नाही. मग म्हणाला की नेणार नाही, इथेच सिमेंटचं घर बांधून देईल. साळुंकी आली नाही. बसंती म्हणाली की तुमची उधारी मी फेडीन. एका म्हाताऱ्यानं सुचवलं की भावाच्या पोरांशी बोलायला तयार आहात म्हणून सांगा. यावर कुणीच काही बोललं नाही, साळुंकीही नाही.

"आता तू बोल," महाराज कृष्णदेवला म्हणाले.

त्यानं पिंडाकडे पाहिलं. त्याच्याकडे वचन द्यायला काही नव्हतं. नोकरी होती ती तशीच होती. मजुरी रोजची होती. "तोंतों, मी हाय हितंच," तो म्हणाला. "तुमी सावकाश या."

धुकं खाली उतरायला लागलं. महाराजांना कोबीला पाणी द्यायचं होतं. ते निघताना म्हणाले, "शिवल्याबिगर जागा सोडू नकोस. येतीलच त्या. भुका लागल्या की येतात." म्हातारे गेले. चंद्रमोहनला परतीच्या विमानाची पक्की नोंद करायला कार्यालय बंद व्हायच्या आत क्युरपिपला पोचायचं होतं. तो दोनदा मागे वळला, मग आईला हाताला धरून चढ चढू लागला. रीता थोड्या अंतरावर थांबली होती. तिनं नवऱ्याला खुणेनं विचारलं, मी थांबू का? त्यानं खुणेनंच सांगितलं, नको, जा.

पाण्याचा आवाज राहिला. साळुंक्या पेरूवर आपसात भांडत होत्या. कृष्णदेवनं ओलं धोतर गुडघ्यांवर नीट ओढून घेतलं, पिंडावर आलेली माशी हातानं हाकलली आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला. त्याच्या जागी बसायला कुणी येणार नव्हतं.

तो बसून राहिला.